अर्धा कोयता

चूक शोधण्याच्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी त्या काळी चारचौघांत बोलून दाखवत असे, आणि त्यात फारशी बढाईही नव्हती. श्रीरामपूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यानं त्र्याहत्तर सालच्या गळीत हंगामासाठी एक कॉम्प्युटर भाड्यानं आणला होता. पुण्यातल्या कुणीतरी वापरून टाकलेलं ते धूड शेतकी खात्यामागच्या गोदामात बसवलं, त्याला उकाडा सोसत नाही म्हणून कारखान्यातलं पहिलं एअरकंडिशनर त्या गोदामाला लागलं, आणि सहा महिने पुण्यात शिकून आलेला प्रोग्रॅमर म्हणून मी, गोरक्षनाथ शेळके, त्या गारव्यात बसू लागलो. चेअरमनसाहेबांच्या खोलीतसुद्धा तेव्हा पंखाच होता, त्यामुळे अर्ध्या कचेरीच्या पोटात दुखलं. मला त्याचं काही वाटलं नाही. सात वर्षं शाळेत त्रैराशिकं शिकवलेल्या माणसाला एवढा गारवा मिळायलाच हवा, असं माझं मत होतं.

काम म्हणाल तर एकच, पण कारखान्याच्या जिवाचं. दर आठवड्याला ऊसतोडीची यादी काढायची: कुठल्या गटातला ऊस पिकला आणि तो कुठल्या टोळीनं कोणत्या वारी तोडायचा. पूर्वी हे चार कारकून मिळून करत आणि ज्याची ओळख त्याचा ऊस आधी तुटे. यंत्राला मामा-काका कुणी नव्हता. तोडीच्या टोळ्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून, पाथर्डीच्या बाजूनं येत. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि दोघं मिळून एक कोयता होतो. त्यातलं एक पडलं की उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम ठेवून घ्यायला राजी नसतो. म्हणून आमच्याकडे दर कोयत्याचं एक कार्ड होतं, त्यावर गावाचं आणि नवऱ्याचं नाव. बायकांची नावं कुठल्याच कार्डावर नव्हती. ती लागतही नव्हती.

प्रोग्रॅमही अशाच जाड कागदाच्या कार्डांवर असायचा, एका कार्डावर एक ओळ. मी कागदावर लिहून द्यायचो आणि माझ्या हाताखालच्या लंकाबाई वेगळ्या यंत्रावर भोकं पाडून ते कार्डांत टोचायच्या. माझा प्रोग्रॅम सहाशे बारा कार्डांचा होता. मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात छोटे प्रोग्रॅम असतात. मोठा त्यांना नावानं हाक मारतो, ज्याला हाक मारली तो येतो, आपलं काम करतो आणि जिथून हाक आली तिथे परत जातो. अंतरं मोजणारा एक, तारखा लावणारा एक, असे माझे नऊ होते. त्यांतल्या एखाद्याची कार्डं गठ्ठ्यात घालायची राहिली, तर यंत्र यादी काढत नाही. ज्याला हाक मारली आणि जो आला नाही, त्याचं नाव कागदावर छापतं आणि थांबतं. नवशिक्यांना त्याची धडकी भरते. मला ते आवडायचं. आपल्याला काय हवं ते इतक्या सरळ सांगणारं घरीदारी दुसरं कोण असतं?

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी यंत्रानं एक नाव छापलं आणि ते थांबलं. इंग्रजी पाच अक्षरं होती, रंगू, आणि पुढे ‘सापडत नाही’.

माझ्या नऊ जणांत त्या नावाचा कुणी नव्हता. मी लंकाबाईंवर डाफरलो. त्यांनी मी लिहिलेला कागद आणि टोचलेली कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, “तुम्ही लिहिता तेच मी टोचते, साहेब. तपासून घ्या.” मी सहाशे बारा कार्डं एकेक करून तपासली. रंगूला हाक मारणारं कार्ड त्यांत नव्हतं. मग मी छोटे प्रोग्रॅम एकेक काढून पाहिले. जो काढला त्याचं नाव छापून यायचं आणि त्याखाली रंगूचं. मंगळवारी संध्याकाळी मी सगळा गठ्ठाच बाजूला ठेवला आणि ‘थांब’ आणि ‘संपलं’ एवढ्या दोनच ओळींचा प्रोग्रॅम यंत्राला दिला. तरी कागदावर तेच नाव आलं. त्या दोन ओळींनाही रंगू हवी होती.

बुधवारी सकाळी शेतकी अधिकारी सहादेवराव दारात येऊन उभे राहिले. टोळ्या दोन दिवस बसून होत्या, कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडायचा थांबला होता. “शेळके, आज यादी नाही निघाली तर तुमचं हे कपाट परत जाईल, आणि त्याच टेम्पोत तुम्हीही,” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या बोलण्यात गंमत नव्हती.

अशा वेळची एक युक्ती आम्हाला शिकवलेली होती आणि ती वापरताना कुणी लाजत नाही. हव्या त्या नावाचा रिकामा प्रोग्रॅम लिहायचा. पहिलं कार्ड नावाचं, दुसरं ‘परत जा’, तिसरं ‘संपलं’. हाक आली की तो येतो, काही न करता परत जातो, आणि यंत्राचं समाधान होतं. मी तीन कार्डं टोचून घेतली, गठ्ठ्याच्या शेवटी घातली, आणि दहा मिनिटांत यादी बाहेर पडली. सहादेवरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चूक सापडली नव्हती, नुसती झाकली होती, हे मला डाचत होतं. पण ते फक्त मला.

शुक्रवारी सहादेवरावांनीच एका तोडकऱ्याला माझ्याकडे पाठवलं. आसाराम त्याचं नाव, चौदा नंबरच्या टोळीतला, तिशीचा असेल. मुकादम त्याचं कार्ड काढून टाकायला सांगत होता आणि कार्डं माझ्या ताब्यात होती. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या आणि गार हवेनं अंग चोरून उभा राहिला.

“कार्ड काडू नका, साहेब. अर्दा कोयता न्हाई मी. बायकू हाय माजी, जित्ती हाय.”

“मग कामावर का येत नाही ती?”

“येती की. सोमवारी रानात उभ्या उभ्या गप झाली, हाकंला ओ देईना. दोन दीस तशीच हुती. बुधवारपसनं हाक मारली की येती. म्होरं उबी राहती. अन् तशीच माघारी जाती.”

“काही करत नाही?”

“काईच न्हाई.”

तिचं नाव विचारू नये असं मला आतून वाटलं, तरी मी विचारलं. त्यानं सांगितलं. मी त्याला पाणी दिलं आणि स्वतः दोन पेले प्यालो.

ती कचेरीसमोरच्या बाभळीखाली बसली होती. आसारामनं हाक मारली, तशी ती उठून आली, आमच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, आणि वळून पुन्हा त्याच जागी जाऊन बसली. तिच्या तोंडावर दुखणं नव्हतं की रुसवा नव्हता. माझा स्वभाव असा आहे की घाबरण्याआधी मला ताळा करून बघावा लागतो. मी आत गेलो, रंगूची तीन कार्डं काढली आणि यंत्र चालवलं. ते नाव छापून थांबलं, आणि त्याच क्षणी बाहेरून आसारामची आरोळी आली. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा तो तिला खांद्याला धरून हलवत होता आणि ती डोळे उघडे ठेवून बाभळीला टेकलेली होती. मी कार्डं परत घातली. पुढच्या हाकेला ती उठून आली. एवढं झाल्यावर मात्र मी घाबरलो, आणि मला स्वच्छ कळलं की ही बाई मी रिकामी लिहिली आहे.

मग ती भरायला हवी होती. मी आसारामला आत बसवलं आणि त्याची बायको दिवसभर काय काय करते ते सांगायला लावलं. उजाडायच्या आत उठते, चूल पेटवते, भाकरी थापते, रानात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, सरपण आणते, पाणी आणते. “आणखी?” मी विचारलं. त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. “आनखी काय, साहेब? बाईमानूस हाय.”

यंत्राच्या भाषेत भाकरी लिहायची सोय नाही. पण कार्डाच्या पहिल्या रकान्यात सी हे अक्षर टोचलं की पुढे काहीही लिहिता येतं. ती माणसानं वाचायची टीप समजली जाते आणि यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मी आसारामनं सांगितलं ते तसंच, इंग्रजी अक्षरांत, आठ टिपांच्या कार्डांवर लिहिलं आणि रंगूच्या नावाच्या आणि ‘परत जा’च्या मध्ये घातलं. याचा यंत्रावर काहीही परिणाम व्हायला नको होता. मी यंत्र चालवलं. बाहेर ती बाई उठली, पदर खोचला, आणि कुणी हाक मारायची वाट न बघता रानाच्या रस्त्याला लागली.

सोमवारी आसाराम मूठभर शेंगा घेऊन आला. “कोयता पुरा झाला, साहेब. लई उपकार झाले,” म्हणाला, आणि मी ते उपकार घेतले. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत लंकाबाई टोळ्यांच्या कोप्यांकडे, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांकडे, चक्कर मारून आल्या आणि माझ्या टेबलापाशी थांबल्या.

“साहेब, त्या बाईला तान्हं पोर आहे. केवढ्यानं रडत होतं. ती शेजारीच भाकरी थापत होती, पण मान वळवून बघेना.”

“आसारामनं पोराचं काही सांगितलं नाही मला.”

“त्याला ते काम वाटलं नसेल,” लंकाबाई म्हणाल्या.

मी एक कार्ड वाढवलं: पोर रडलं की घ्यावं. दोन दिवसांनी लंकाबाई पुन्हा जाऊन आल्या. पोर रडलं की ती आता लगेच उचलून घेते आणि रडं थांबलं की त्याच क्षणी खाली ठेवते, असं त्यांनी सांगितलं, आणि मी काहीतरी बोलेन म्हणून त्या थांबल्या. मी त्यांना कामाला लागा म्हणालो. मला लाज वाटत होती, आणि ती लपवायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी पुढच्या आठवड्याच्या यादीसाठी मी गठ्ठा लावला. यंत्रानं नाव छापलं, केशर, आणि ते थांबलं.

केशर माझी बायको. बारा वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर. मी कागद फाडून खिशात कोंबला, सायकल काढली आणि घर गाठलं. ती खाटेवर बसली होती. दोन हाका मारल्या तरी हलली नाही. तिसऱ्या हाकेला दचकली आणि म्हणाली, “कधी आलात? बसल्या जागी कुठे गेले होते कोण जाणे.” हसली, उठली, चहा ठेवला, आणि चहा उकळून उतू जाईपर्यंत पुन्हा कुठेतरी गेली. डॉक्टरला बोलावलं. त्यांनी अशक्तपणाचं निदान केलं आणि टॉनिक लिहून दिलं.

तीन कार्डांचा रिकामा प्रोग्रॅम मी केशरच्या नावानं लिहिणार नव्हतो. मरून गेलो असतो तरी लिहिला नसता. पण नाव तसंच न सापडलेलं सोडलं तर काय होतं तेही मी बाभळीखाली पाहिलं होतं. उरला एकच मार्ग, ती पूर्ण लिहून काढायची. खरं सांगायचं तर शनिवारी संध्याकाळी मला थोडा धीरच आला. आसारामला बायकोबद्दल आठ ओळींच्या वर सुचलं नव्हतं. मी सुशिक्षित माणूस होतो, चूक शोधणारा, आणि केशरला माझ्याइतकं ओळखणारं जगात कोण होतं?

रविवारी सकाळपासून मी वही घेऊन तिच्या मागे मागे फिरलो. कुंकू लावताना ती आरशाच्या उजव्या कोपऱ्यात बघते. फोडणीत हिंग टाकताना श्वास रोखते. चपात्यांतली पहिली माझ्या ताटात वाढत नाही, कारण ती कडक होते. पाट सरळ ठेवते, मग पायानं जरासा तिरका करते. मधूनच ती थांबायची, हातातलं काम हातात राहायचं, आणि मी हाका मारमारून तिला परत आणायचो. दर वेळी एक हाक जास्त लागत होती.

“आज काय परीक्षा घेताय का माझी?” तिनं वहीकडे बघून विचारलं.

“तुला काय आवडतं ते सांग,” मी म्हणालो.

“आजच बरं सुचलं विचारायला!” ती हसली आणि सांगण्यासाठी तोंड उघडलं, आणि तशीच राहिली. मी हाका मारून तिला परत आणलं तेव्हा ती प्रश्न विसरली होती. मी पुन्हा विचारला नाही. उत्तर अर्धवट येईल याची मला भीती वाटली.

रात्रीच्या जेवणापर्यंत वहीत दोनशे चौदा ओळी झाल्या. मी येतो तेव्हा “आलात?” म्हणते, आणि चहा टाकायला आत जाते. माझा सदरा वाळत घालताना बाह्या ओढून सरळ करते. मी रागावलो की पाण्याचा तांब्या आणून ठेवते आणि बोलत नाही. मी झोपलो की दिवा बारीक करते. मी त्या ओळी दोनदा वाचल्या, आणि वाचताना माझे डोळे भरून आले, कारण तिच्याबद्दल मला एवढं ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. सोमवारी पहाटे ती उठली नाही. खाटेवर डोळे उघडे ठेवून पडली होती आणि मी कितीही हाका मारल्या तरी आली नाही. शेजारच्या मालनबाईंना मी तिच्याजवळ बसवलं आणि कारखान्यावर गेलो.

ती कार्डं मी लंकाबाईंना टोचू दिली नाहीत. त्यांनी विचारलंही नाही. टोचायचं यंत्र मोकळं करून दिलं आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. माझ्या हाताला ती सवय नव्हती, तरी एकही कार्ड बाद न होता दोनशे चौदा पूर्ण झाली. दोनदा तपासली. नाव, मग ती सगळी, मग ‘परत जा’, मग ‘संपलं’. अकरा वाजता मी गठ्ठा यंत्रात घातला. यंत्रानं नाव मागितलं नाही. यादी निघाली, आणि गेल्या चार आठवड्यांतली सगळ्यांत बिनचूक निघाली. मला तेव्हाच घरी पळायचं होतं, पण सहादेवरावांनी चेअरमनसाहेबांना आणलं होतं, त्यांच्याबरोबर संचालक मंडळातले दोघे होते, आणि यंत्र कसं चालतं ते त्यांना दाखवण्यात दुपार गेली. वसाहतीतल्या एका कामगाराबरोबर निरोप मात्र लगेच आला होता: वहिनी उठल्या. मी सगळ्यांसमोर रुमालानं तोंड पुसलं. इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्यांदा झालेला नाही.

सहाला सुटलो. वाटेत मी पाव किलो पेढे घेतले. क्वार्टरच्या कोपऱ्यावर मालनबाई माझी वाट बघत उभ्या होत्या. मला बघून त्या पुढे आल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या.

“भाऊजी, वैनी उठल्या खऱ्या. अकराच्या सुमाराला उठल्या, कुकू लावलं, अन् दारात येऊन उभ्या राहिल्या. तवापसनं तितंच हायेत. जेवा म्हनलं तर न्हाई, बसा म्हनलं तर न्हाई. कुनाशी बोलंनात.”

मी सायकल धरून उभा राहिलो. रविवार मला डोळ्यांसमोर दिसला, पहिल्या ओळीपासून दोनशे चौदाव्या ओळीपर्यंत, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत मी घरात होतो.

“एरवी काय करायची ती?” मी विचारलं. “मी नसताना, दिवसभर?”

“अगंबाई, तुमास्नी म्हाईत न्हाई? रोज दुपारी आमी समद्या जमतो माझ्याकडं. वैनी आल्याबिगर कुनी बसत न्हाई. अशा हसवत्यात, अशा हसवत्यात, पोट दुकाया लागतं.”

मला तिनं कधी हसवल्याचं आठवेना. मी खूप प्रयत्न केला.

“काय सांगायची ती? कसं हसवायची?”

मालनबाईंनी आठवून पाहिलं, त्यांना हसू यायला लागलं, आणि मग त्यांनी मान हलवली. “ते मला न्हाई येनार सांगाया, भाऊजी. ते त्यांच्याच तोंडून.”

मी सायकल भिंतीला लावली आणि फाटक उघडलं. केशर दाराच्या चौकटीत, हात खाली सोडून उभी होती, आणि दिवसभर तोंडावर ऊन घेतल्यामुळे तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळून तसंच वाळलं होतं. मी पायरीवर पाय ठेवला, तशी तिनं मान वर केली.

“आलात?” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.